नाशिकच्या द्राक्षबागेतले मित्रकीटक: ओळख, गणती आणि सांभाळ

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या बागेत खोडांवर पांढरं दिसायला लागलं. मिलीबग (पिठ्या ढेकूण) आला म्हणून मजूर लावले, ब्रशने खोडं घासून घेतली. घासताना एकाने विचारलं, "दादा, यातले काही भारी पळतात, हे कोणते?" मीही नीट पाहिलं नव्हतं. पळणारे दोन-तीन पकडून, थोडा मिलीबगही सोबत घालून काचेच्या बरणीत ठेवले आणि तोंडाला कापड बांधलं. दोन-अडीच आठवड्यांनी त्यातून नारिंगी डोक्याचे काळपट भुंगेरे निघाले. मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलिमसच्या अळ्या आम्ही दिवसभर मजुरी देऊन चिरडल्या होत्या.

त्या दिवसापासून बागेत पंप नेण्याआधी भिंग न्यायचं ठरवलं. बागेत कोण राहतं, कोण कोणाला खातं आणि कोण कोणाला सांभाळतं, हे कळल्याशिवाय औषधाचा निर्णय नीट होत नाही. पुढे लिहिलेली पद्धत वेल मांडवावर चढवलेला असो की वाय आकाराच्या आधारावर, दोन्ही प्रकारच्या बागांत चालते.

आधी झाडं ठरवा, मग वही उघडा

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा जाड कागद किंवा पांढरी ताटली, रंगीत रिबिनी आणि एक वही, एवढ्यावर काम होतं. एकरातली वीस झाडं निवडून त्यांना रिबीन बांधा. सगळी झाडं मधल्या ओळीतली घेऊ नका. चार-पाच बांधाकडची, दोन-तीन रस्त्याकडची (धूळ बसते तिथे लाल कोळी ही कीड आधी येते), दोन सखल भागातली आणि गेल्या वर्षी जिथे चिकटा (मिलीबगचा चिकट स्राव) पडला होता ती झाडं नक्की घ्या. दर आठवड्याला त्याच झाडांकडे जा. झाडं बदलली की आकडे बदलतात आणि कीड वाढली की झाड बदललं, हेच कळत नाही.

वेळ सकाळची, ऊन चढण्याआधीची. प्रत्येक झाडावर क्रम एकच ठेवा: जमीन, खोड, ओलांडा (तारेवर आडवी नेलेली मोठी फांदी), काडी, पानाची खालची बाजू, घड. बुंध्याशी भुसा पडला आहे का पाहा. खोडाची सुटलेली साल नखाने उचलून आत पाहा. ओलांड्याच्या खाचा आणि काडी फुटते ते सांधे पाहा. मग चार-पाच शेंडे पांढऱ्या कागदावर हलकेच झटका आणि कागदावर काय पळतं ते भिंगातून बघा.

वहीत प्रत्येक झाडापुढे चार रकाने करा: मिलीबगचे कापसासारखे अंडीपुंज किती, मुंग्या आहेत की नाही, मित्रकीटक कोणते, इतर कीड कोणती. मुंग्यांचा रकाना मी आधी ठेवला नव्हता. आता आधी तोच भरतो, कारण खाली सांगतो.

पांढरं दिसलं की थांबा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिलीबगची मादी साधारण तीन-चार मिलिमीटरची, लांबट गोल, अंगावर पिठासारखी पावडर. आपल्याकडे द्राक्षात मुख्यतः गुलाबी मिलीबग आढळतो. पावडर पुसली की अंग गुलाबी दिसतं आणि चिरडला तर लालसर पाणी निघतं. तो जवळजवळ हलत नाही. मादी कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. आठवडाभरात त्यातून डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्लं निघतात आणि रांगत नव्या जागी जातात. औषध या रांगत्या अवस्थेवर सगळ्यात चांगलं काम करतं. एकदा पीठ आणि कापूस अंगावर चढला की फवारा आत पोचत नाही.

क्रिप्टोलिमसची अळी याच पांढऱ्या वेशात फिरते. तिच्या अंगावरचे मेणाचे धागे मात्र लांब, झुलपांसारखे असतात. वाढलेली अळी सेंटीमीटरभर किंवा त्याहून मोठी होते, म्हणजे मिलीबगच्या दुप्पट-तिप्पट. आणि ती चालते. काडीने डिवचलं की चटकन सरकते. पांढरं काही दिसलं की आधी काडीने डिवचा. जागेवर राहिला तर मिलीबग, चालायला लागला तर सोडून द्या. मजुरांना एवढी एक गोष्ट शिकवली तरी पुष्कळ नुकसान टळतं. आमच्याकडे आता साल काढायला येणाऱ्या बायकाच मला हाक मारून अळ्या दाखवतात.

याच घराण्यातला स्किमनस नावाचा अगदी छोटा तपकिरी भुंगेराही बागेत सापडतो. त्याची अळीही पांढरी असते, पण आकार लहान, त्यामुळे ती ओळखायला भिंगच लागतं.

दुसरी खूण याहून बारीक आहे. काही मिलीबग फुगलेले, तपकिरी, कडक झालेले दिसतात. पीठ उडालेलं असतं आणि एखाद्याला टोकाशी गोल भोक असतं. हे मेलेले मिलीबग आहेत. अनागायरस नावाची, मुंगीहूनही लहान परोपजीवी माशी मिलीबगच्या अंगात अंडं घालते, तिची अळी आतून त्याला खाते आणि भोक पाडून माशी बाहेर पडते. भोक असेल तर माशी गेली. भोक नसेल तर ती अजून आत आहे. अशा ममी दिसल्या तर त्यांची संख्या वहीत वेगळी लिहा. दोन आठवडे ममींचा आकडा वाढत असेल, तर मी त्या ओळींत औषध थांबवतो.

पानाच्या खालच्या बाजूला केसाएवढ्या दांड्यावर उभी असलेली पांढरट अंडी दिसली तर ती क्रायसोपर्लाची. हिरवट, जाळीदार पंखांचा हा नाजूक कीटक रात्री दिव्यावर येतो. त्याची अळी फुलकिडे, मिलीबगची पिल्लं आणि किडींची अंडी फस्त करते. सहा ठिपक्यांचा लाल-नारिंगी ढालकिडा द्राक्षात कमी दिसतो, तो जास्त करून मावा असलेल्या शेजारच्या पिकांतून येतो. कोळी कीटक नव्हेत, पण त्यांची जाळी असलेली बाग मला बरी वाटते. जाळी झाडून काढू नका.

मुंग्यांचा रस्ता तोडा

मिलीबग रस शोषतो आणि गोड चिकट स्राव बाहेर टाकतो. आपण ज्याला चिकटा म्हणतो तो हाच. त्यावर काळी बुरशी वाढते, घड काळे पडतात. मुंग्यांना हा स्राव हवा असतो, म्हणून त्या मिलीबगची राखण करतात: भुंगेऱ्याला हुसकावतात, परोपजीवी माशीला अंडं घालू देत नाहीत. मुंग्यांची रांग चालू असताना महागाचे भुंगेरे आणून सोडले तर त्यांना खाऊच मिळत नाही. पहिल्या वर्षी माझे भुंगेरे असेच वाया गेले.

मुंग्या कुठून चढतात ते आधी पाहा. खोड हा एक रस्ता झाला. लोखंडी अँगल, ताणाच्या तारा, ठिबकची नळी आणि खोडाला टेकलेलं गवत हे बाकीचे रस्ते. फक्त खोडाला चिकट पट्टी बांधली तर मुंग्या अँगलवरून जातात. म्हणून आधी बुंध्याभोवतीचं गवत काढा, नळी खोडापासून सोडवा, मग खोड आणि अँगल दोन्हींवर पट्टी करा. चिकट डिंक थेट सालीवर लावू नका. आधी प्लास्टिकची किंवा कागदी पट्टी घट्ट गुंडाळा आणि डिंक तिच्यावर लावा. धूळ बसली की चिकटपणा जातो, तेव्हा पंधरवड्याने बोट लावून पाहा.

बागेतल्या सगळ्या मुंग्या मारायला निघू नका. जमिनीत त्या माती मोकळी करतात, वाळवी आणि अळ्या उचलतात. त्यांना फक्त मांडवावर चढू द्यायचं नाही.

छाटणी ते काढणी, कोण कधी येतं

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नवी काडी तयार व्हावी म्हणून केलेल्या छाटणीनंतर) बाग उघडी पडते. मे महिन्याच्या उन्हात भुंगेरे फारसे दिसत नाहीत, मिलीबगही सालीखाली आणि मुळांजवळ जातो. या काळात काडी घडते म्हणून सगळं लक्ष सबकेन (काडीवरची उपकाडी) आणि पानांवर असतं, खोड कोणी पाहत नाही. छाटलेल्या काड्यांचे ढीग मात्र बांधावर ठेवू नका, त्यात खोडकिडा वाढतो.

जूनच्या पहिल्या पावसाबरोबर खोडकिड्याचे लांब मिशांचे भुंगेरे बाहेर पडतात आणि सालीच्या फटीत अंडी घालतात. जुन्या बागांत हे दुखणं मोठं आहे. बुंध्याशी ओलसर भुसा दिसला तर भोक शोधून लवचिक तार आत घालून अळी मारावी लागते. प्रकाश सापळा लावत असाल तर संध्याकाळी सात ते दहा एवढाच चालू ठेवा. रात्रभर दिवा ठेवला तर क्रायसोपर्लासारखे मित्रही त्यात मरतात.

जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट आणि तापमान बेताचं असतं. मिलीबग खोडावर वर चढायला लागतो आणि क्रिप्टोलिमसलाही साधारण २२ ते ३० अंश हीच हवा मानवते. भुंगेरे सोडायचे तर हा पहिला काळ. याच दिवसांत व्हर्टिसिलियम (नंतरचं नाव लेकॅनिसिलियम) ही मित्रबुरशीही चालते, कारण तिला ओलावा लागतो. फक्त डाऊनी रोगाच्या बुरशीनाशकाबरोबर एकाच टाकीत ती घालू नका. बुरशीनाशकाने मित्रबुरशीही मरते, यात नवल नाही, पण टाकीत मिसळताना कोणाला आठवत नाही.

गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) नाशिकमध्ये मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. सटाणा-बागलाणकडच्या अर्ली बागांचं वेळापत्रक त्याआधीच सुरू होतं, त्यांनी महिने त्या हिशेबाने सरकवावेत. छाटणीनंतर सुटलेली साल काढून घ्या. त्याखाली मिलीबगही असतो आणि उडद्या या भुंगेऱ्याची अंडीही. काढलेली साल ओळीत टाकू नका, गोळा करून बाहेर न्या. भुंगेऱ्यांच्या अळ्या किंवा ममी दिसल्या तर ती साल जाळीच्या पिशवीत घालून बागेतच टांगून ठेवा. मित्र जाळीतून बाहेर येतात आणि मिलीबग बहुतेक तिथेच राहतो.

डोळे फुगले, पोंगा (डोळ्यातून डोकावणारा कोंब) दिसला की उडद्या येतो. हा चकचकीत भुंगेरा फुटणारा डोळा कुरतडतो आणि धक्का लागला की मेल्याचं सोंग घेऊन खाली पडतो. या सवयीचाच फायदा घ्या: सकाळी ओलांड्याखाली छत्री उलटी धरून ओलांडा हलवा, पडलेले उडदे साबणाच्या पाण्यात टाका. आमच्याकडे बागेच्या कडेच्या दोन ओळींत असं आठ-दहा दिवस केलं तर पुष्कळदा फवारणी टळते. बाग मोठी असेल तर सगळीकडे हे जमणार नाही, हे कबूल.

दोडा (फुलण्याआधीच्या कळ्या) ते सेटिंग (मणी धरणं) हा फुलकिड्यांचा काळ. मण्यावर त्यांनी ओरखडा काढला की तो मण्याबरोबर वाढतो आणि माल निर्यातीतून बाद होतो. इथे मी औषध टाळत नाही, पण झटकून मोजल्याशिवाय घेतही नाही. निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी, पिवळे तुडतुड्यांसाठी. सापळे मोजणीला आहेत, कीड संपवायला नाहीत. फार लावले तर मित्रकीटकही चिकटतात.

डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा कधी पाच अंशांखालीही जातो. तेव्हा भुंगेरे सुस्त असतात, मिलीबगही. मग फेब्रुवारीत ऊन वाढतं, मण्यांत पाणी उतरतं आणि मिलीबग खोड सोडून घडाकडे निघतो. नेमकं याच वेळी निर्यातीच्या बागेत बहुतेक औषधं फवारण्याचे दिवस संपलेले असतात. २०१० साली एका वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तो हंगाम नाशिकमध्ये कोणी विसरलेलं नाही. काढणीआधीच्या या आठवड्यांत आपल्यासाठी काम करू शकतात ते बागेतले मित्रकीटकच. पण ते तेव्हा बागेत असायला हवेत, म्हणून बाकीचे दहा महिने त्यांना सांभाळायचं.

भुंगेरे सोडण्याची पद्धत

क्रिप्टोलिमस मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली तो भारतात आणला गेला, कॉफीवरच्या खवले किडीसाठी, आणि दक्षिणेत स्थिरावला. पुढे कॅरिबियन बेटांवर गुलाबी मिलीबगने कहर केला तेव्हा १९९६ मध्ये हेच भुंगेरे भारतातून तिकडे गेले. प्रयोगशाळेत त्यांची वाढ डांगरावर करतात: लाल भोपळ्यावर आधी मिलीबग वाढवायचा, मग तो भोपळा पिंजऱ्यात भुंगेऱ्यांना द्यायचा. म्हणूनच मागणी एखाद-दीड महिना आधी नोंदवा, आज सांगून उद्या मिळत नाहीत. कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा खात्रीची जैविक प्रयोगशाळा, यांच्याकडे चौकशी करा.

हेक्टरी पाच हजार, म्हणजे एकरी दोन हजार प्रौढ भुंगेरे हे नेहमीचं प्रमाण. ते सगळ्या बागेत सारखे उधळू नका. एकरी हजार झाडं धरली आणि वहीप्रमाणे दोनशे झाडांवर मिलीबग असेल, तर त्या दोनशे झाडांवर दहा-दहा सोडा. जिथे खाऊ नाही तिथून भुंगेरा उडून जातो.

सोडण्याआधी मुंग्यांच्या पट्ट्या तपासा आणि दोन-तीन आठवड्यांत कीटकनाशक पडलेलं नाही याची खात्री करा. डबा उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर डबा खोडाशी, मिलीबगच्या अगदी जवळ उघडा आणि भुंगेरे हळूच सालीवर झटका. तीन-चार दिवसांत दिसले नाहीत म्हणून घाबरू नका. दोन-तीन आठवड्यांनी अळ्या शोधा. पांढरी, पळणारी अळी दिसली म्हणजे भुंगेऱ्यांनी अंडी घातली आणि काम चालू झालं. पांढऱ्या कापसात अंडी घालायला त्यांना आवडतं, त्यामुळे मिलीबग अगदीच नसलेल्या बागेत त्यांची पुढची पिढी होत नाही.

बांध मोकळा ठेवायचा की हिरवा

स्वच्छ, उघडा बांध दिसायला छान असतो, पण परोपजीवी माशीला जगायला मकरंद लागतो आणि द्राक्षाच्या फुलात तो नसल्यातच जमा. भूमध्य समुद्राकाठच्या ऑलिव्हच्या बागांत हीच गोष्ट दिसते. तिथे ऑलिव्हच्या फळमाशीवर जगणारी एक परोपजीवी माशी बांधावरच्या एका पिवळ्या फुलांच्या रानटी झुडपावर, तिथल्या गाठी करणाऱ्या माशीच्या अंगात वाढते. बागेत फळमाशी नसते तेव्हाही तिचं कूळ बांधावर टिकतं. झुडूप उपटलं की ती साखळी तुटते.

आपल्याकडे बांधावर मक्याच्या दोन ओळी, कोथिंबीर किंवा बडीशेप फुलावर सोडलेली, थोडी मोहरी, एवढं पुरतं. मक्याचे परागकण क्रायसोपर्ला आणि ढालकिडे खातात, शिवाय धूळ अडते. जास्वंद, भेंडी, अंबाडी, कपाशी मात्र बागेजवळ नको, गुलाबी मिलीबगची ही आवडती झाडं आहेत. गाजरगवतावरही तो राहतो, ते फुलण्याआधीच उपटा. ओळींमधलं गवत एकदम साफ करू नका. एक आड एक ओळ कापा, म्हणजे कीटकांना सरकायला जागा राहते. पण दोडा अवस्थेच्या आधी फुललेलं गवत कापून घ्या, नाहीतर त्यातले फुलकिडे सरळ घडावर येतात. झेंडूबद्दल मी सावध असतो, त्यावर लाल कोळी आणि फुलकिडे दोन्ही वाढतात.

फवारावंच लागलं तर

बुरशीनाशक घेताना "सोबत एक कीटकनाशक टाकून द्या" ही सवय आमच्याकडेही होती. ती सोडल्यावर पहिला बदल खोडांवर दिसला. लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडं आणि इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं भुंगेऱ्यांना मारतात आणि लाल कोळी खाणारे शिकारी कोळीही नेतात, म्हणून अशा फवारणीनंतर लाल कोळी उसळतो. बुप्रोफेझीनने मोठे भुंगेरे वाचतात, पण त्यांच्या अळ्यांची कात अडते. गंधक वारंवार मारलं तर शिकारी कोळ्यांना तेही झेपत नाही.

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची अ‍ॅनेक्शर ५ची (शिफारस केलेल्या औषधांची) यादी आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतले ठरलेले दिवस) पाळायचाच. त्याच्या आत राहून आणखी दोन गोष्टी करता येतात. मिलीबग फक्त खोडावर असेल तर फक्त खोडावर फवारा, वरच्या पानांच्या छत्रीवर नको. वहीप्रमाणे कीड चाळीस-पन्नास झाडांच्या एखाद्या कोपऱ्यातच असेल तर तेवढाच कोपरा फवारा.

मधमाशीचंही पाहा. द्राक्षाला परागीभवनासाठी तिची गरज नसते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारी कांद्याचे डोंगळे फुललेले असतात. त्यांचं बी भरतं ते आग्या, सातेरी आणि फुलोरी माश्यांमुळे. त्या दिवसांत फवारणी घ्यायचीच असेल तर माश्या पोळ्याकडे परतल्यावर, संध्याकाळी उशिरा घ्या आणि शेजारच्या भाऊंना आदल्या दिवशी सांगा. माशी पिकलेला मणी फोडू शकत नाही. ती तडकलेल्या किंवा पाखराने फोडलेल्या मण्यावरच बसते. घडावर माशी दिसली म्हणून फवारा मारू नका, तडकलेले मणी काढा.

काढणी झाल्यावर

शेवटची गाडी गेली की बाग विसरली जाते. मांडवावर राहिलेले चिकट्याचे घड त्याच आठवड्यात काढून खड्ड्यात पुरा, पुढच्या वर्षीचं बी तिथेच असतं. रिबीन बांधलेल्या वीस झाडांची शेवटची गणती एप्रिल छाटणीच्या आदल्या दिवशी करा: साल उचला, मिलीबग, ममी, अळ्या, मुंग्या मोजा. ज्या झाडांवर ममी जास्त सापडतील त्यांची छाटणी सगळ्यात शेवटी घ्या आणि त्यांच्या खोडावरची साल या वेळी तशीच राहू द्या.